डोळ्यातील वडस : कलम जोडण्याच्या तीन रीती

इंदूर शहराच्या पूर्व भागात खजराना हे जुने गाव आहे. शहर वाढत गेले, रिंग रोडच्या दोन्ही अंगांना वस्ती पसरली आणि हे गाव शहराचाच एक गजबजलेला भाग होऊन बसले. अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाशी निगडित असलेले तेथील गणेशमंदिर आणि नाहरशाह वली यांचा दर्गा यांमुळे बाराही महिने तेथे भाविकांची ये-जा असते. तीळ चतुर्थीच्या जत्रेत तर पाय ठेवावयास जागा उरत नाही. अशा ठिकाणी उघड्यावरच्या कामावर पोट असणाऱ्यांची संख्याही साहजिकच मोठी असते. हारफुले विकणारे, रिक्षाचालक, हातगाडीवाले, गवंडी, बांधकामावरील मजूर ही माणसे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ऊन, वारा आणि धूळ यांत वावरतात. त्यांच्यापैकी एखाद्या प्रौढ माणसाच्या डोळ्याकडे निरखून पाहिले असता नाकाच्या बाजूने बुबुळाकडे सरकत आलेला गुलाबी, त्रिकोणी, मांसल पडदा दिसला, तर त्यात नवल नाही.

हिंदीत त्यास नाखूना म्हणतात. महाराष्ट्रात त्यास वडस म्हणतात. पुष्कळ ठिकाणी लोक ‘डोळ्यात मांस वाढले’ एवढेच सांगतात. वैद्यकातील नाव टेरिजियम असे असून त्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘लहानसा पंख’ असा आहे. खजरान्यातील फुलवाल्याची जी अडचण, तीच सेंधवा ओलांडून मुंबई-आग्रा मार्गाने खानदेशात उतरल्यावर शिरपूर-धुळ्याच्या शेतकऱ्याची असते. ऊन दोन्हीकडे सारखेच आहे.

वडस काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करावयाचे ठरले, म्हणजे अलीकडे रुग्णापुढे एक नवा प्रश्न येतो. वडस काढल्यावर उघड्या पडलेल्या जागी त्याच डोळ्यातील निरोगी त्वचेचे कलम बसवितात. हे कलम टाक्यांनी शिवावयाचे, ग्लूने चिकटवावयाचे, की रुग्णाच्या स्वतःच्याच रक्ताने धरून ठेवावयाचे? तिन्ही रीतींचा खर्च वेगळा, शस्त्रक्रियेस लागणारा वेळ वेगळा आणि नंतरचा त्रासही वेगळा. रोजच्या कमाईवर घर चालविणाऱ्या माणसास हा फरक लहान नसतो. शिवाय ‘ग्लू’ या शब्दाने मनात नसत्या शंका येतात. डिंक डोळ्यात घातला आणि पापण्याच चिकटल्या तर काय करावयाचे, असा प्रश्न विचारणारा रुग्ण अडाणी ठरत नाही. त्यास कोणी नीट समजावून सांगितलेले नसते, एवढेच.

वडस का वाढतो

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ, पारदर्शक, ओलसर त्वचा असते. शास्त्रीय परिभाषेत तिला नेत्रश्लेष्मकला म्हणतात. बुबुळाच्या पुढे काचेसारखा जो स्वच्छ भाग असतो ते स्वच्छमंडल. निरोगी डोळ्यात या दोहोंची सीमा ठाम असते आणि पांढऱ्यावरील त्वचा स्वच्छमंडलावर अतिक्रमण करीत नाही. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचा मारा वर्षानुवर्षे झाला म्हणजे सीमेवरील पेशींमध्ये बिघाड होतो आणि रक्तवाहिन्यांनी भरलेली जाड त्वचा सीमा ओलांडून स्वच्छमंडलावर चढू लागते. ती बहुधा नाकाच्या बाजूनेच का चढते, याचे मोठे उद्बोधक स्पष्टीकरण ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ कोरोनिओ यांनी १९९३ मध्ये दिले. कानशिलाच्या बाजूने तिरपा आलेला प्रकाश स्वच्छमंडलातून वाकतो आणि भिंगातून यावा तसा नाकाकडील कडेवर एकवटतो. भिंगाने कागद जाळण्याचा खेळ लहानपणी ज्यांनी केला असेल त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस सुमारे ३७ अंशांपर्यंतच्या पट्ट्यात हा विकार विशेष आढळतो. कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेस असलेले इंदूर आणि सबंध महाराष्ट्र या पट्ट्याच्या आत येतात. नागपूर जिल्ह्यातील खेड्यांत तीस वर्षांवरील ४,७११ व्यक्तींची तपासणी करून २०१३ मध्ये जी पाहणी प्रसिद्ध झाली, तीत सुमारे १३ टक्के लोकांना वडस असल्याचे दिसून आले. तिशी ते चाळिशीच्या दरम्यान हे प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास होते, तर सत्तरी ओलांडलेल्यांत पंचवीस टक्क्यांवर गेले होते. शिक्षण जितके कमी तितके वडसाचे प्रमाण अधिक, असेही त्या पाहणीत आढळले. पुस्तकांचा डोळ्यांना काही लाभ होतो असा याचा अर्थ नव्हे. ज्यांस शिक्षण मिळाले नाही त्यांच्या वाट्याला शेत आणि ऊन अधिक आले, असाच तो घ्यावयास हवा.

विकार मात्र नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘अर्म’ या नावाने त्याचे पाच प्रकार सांगितले असून शस्त्रकर्माचेही वर्णन आहे. वाढलेले मांस आकडीने उचलून धरावे व मंडलाग्र नावाच्या शस्त्राने सोडवून कापावे. नाकाजवळच्या कोपऱ्यास इजा होऊ देऊ नये, अन्यथा रक्तस्राव किंवा नाडीव्रण उद्भवतो. आणि छेद अपुरा राहिला तर मांस पुन्हा लवकर वाढते, अशी सूचना त्यात दिली आहे. अखेरची सूचना लक्षात ठेवण्यासारखी आहे. वडस कापणे अवघड नाही, तो पुन्हा न येऊ देणे अवघड आहे, ही गोष्ट त्या काळच्या शस्त्रवैद्यांच्या ध्यानी आली होती.

प्रत्येक वडस कापावा लागतो असे नाही. तो लहान असेल, वाढत नसेल आणि दृष्टीला बाधा करीत नसेल, तर उन्हात टोपी, पागोटे वा रुंद काठाची हॅट, अतिनील किरण अडविणारा चष्मा आणि डॉक्टरांनी दिलेले ओलाव्याचे थेंब एवढ्यावर भागते. वडस बाहुलीच्या दिशेने सरकत असेल, स्वच्छमंडलास ओढ देऊन चष्म्याचा आडवा नंबर वाढवीत असेल, डोळ्याच्या हालचालीस अडवीत असेल किंवा सतत लाल होऊन कामात व्यत्यय आणीत असेल, तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार करतात. कानशिलाच्या बाजूने आलेली, झपाट्याने वाढणारी किंवा खडबडीत दिसणारी गाठ मात्र वडस समजून घरी बसू नये. क्वचित प्रसंगी ती कर्करोगाची सुरुवात असते. म्हणूनच शंका असेल तेथे काढलेला तुकडा तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवितात.

कलम कशासाठी

पूर्वी वडस कापून खालचा पांढरा भाग तसाच उघडा सोडीत. डॉम्ब्रेन यांनी १९४८ मध्ये मांडलेली ही पद्धत सोपी व झटपट होती आणि अनेक वर्षे चालली. पण उघड्या जागेवर चहूबाजूंनी त्वचा धावून येई आणि तिच्याबरोबर वडसही परत येई. निरनिराळ्या ठिकाणच्या नोंदींत हे पुन्हा वाढण्याचे प्रमाण शंभरात पंचवीसपासून ऐंशीच्याही वर गेलेले आहे. पुन्हा आलेला वडस बहुधा पहिल्याहून जाड, लाल आणि चिवट असतो. म्हणजे रुग्ण शस्त्रक्रिया करून अधिकच वाईट स्थितीत यावयाचा. त्यावर उपाय म्हणून किरणोत्सर्गी स्ट्रॉन्शियमचा प्रयोग झाला. जपानमध्ये १९६३ पासून मायटोमायसिन या पेशीनाशक औषधाचा वापर सुरू झाला. वाढ कमी झाली खरी, पण काही रुग्णांत वर्षे लोटल्यावर डोळ्याचे पांढरे आवरणच विरघळून पातळ झाले. मायटोमायसिन आजही वापरतात; परंतु जपून, मोजक्या मात्रेत आणि निवडक रुग्णांत.

खरा पालट १९८५ मध्ये झाला. केनयन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच डोळ्यातील वरच्या पापणीखालची निरोगी त्वचा घेऊन ती उघड्या जागी बसविली आणि अशा ५७ डोळ्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी केवळ तिघांत वडस पुन्हा आला. तेव्हापासून स्वतःच्या त्वचेचे कलम ही वडसावरील सर्वमान्य शस्त्रक्रिया ठरली आहे.

शेतकऱ्यास कलम हा शब्द अपरिचित नाही. आंब्याचे कलम करताना सालीला साल भिडावी लागते, डोळा उलटा लावून चालत नाही, जोड सुकू द्यावयाचा नसतो आणि बांधल्यावर तो हलता कामा नये. डोळ्यातील कलमाचेही नियम जवळपास हेच आहेत. वरच्या पापणीखालून घेतलेला तुकडा उघड्या जागेहून किंचित मोठा घेतात, कारण तो पुढे आकसतो. तो शक्य तितका पातळ काढतात; त्याच्या खालचे तंतुमय जाळे बरोबर आले तर कलम फुगते व आकसते. बुबुळाकडील कड बुबुळाकडेच ठेवतात आणि वरची बाजू वरच राहील याची काळजी घेतात. ओला, पारदर्शक, नखाएवढा तो तुकडा हातातल्या हातात उलटू शकतो, म्हणून कित्येक शल्यचिकित्सक त्यावर आधी शाईची खूण करून ठेवतात. हे सर्व झाल्यानंतर जोड न हलू देण्याचा प्रश्न येतो आणि तेथे तीन रीती वेगळ्या होतात.

टाके

सर्वांत जुनी रीत शिवणाची. त्यासाठी केसाहूनही बारीक असा नायलॉनचा धागा किंवा काही आठवड्यांत आपोआप विरघळणारा धागा वापरतात. सूक्ष्मदर्शकाखाली कलमाच्या कडांना सहा, आठ किंवा अधिक टाके घालून ते आजूबाजूच्या त्वचेशी आणि खालच्या पांढऱ्या आवरणाशी पक्के करतात. कलम ठाम बसते, हा या रीतीचा मोठा गुण. रुग्णाने झोपेत डोळा चोळला तरी ते सहसा सुटत नाही. धागा स्वस्त असतो, कोणत्याही नेत्र शस्त्रक्रियागृहात मिळतो आणि त्यास शीतकपाटाची गरज नसते. तालुक्याच्या ठिकाणी किंवा शिबिरात काम करणाऱ्या शल्यचिकित्सकास या गोष्टी मोलाच्या वाटतात.

दोष दोन. पहिला वेळेचा. प्रत्येक टाका घालून गाठ मारण्यात वेळ जातो आणि तो शल्यचिकित्सकाच्या हातसफाईवर अवलंबून असतो. दुसरा दोष रुग्णास भोगावा लागतो. धाग्याची टोके पापणीला घासतात. डोळ्यात खडा गेल्यासारखे टोचते, पाणी येते, उजेड सहन होत नाही. हा त्रास पहिल्या एकदोन आठवड्यांत अधिक असतो आणि नायलॉनचे टाके असतील तर ते काढण्यासाठी पुन्हा रुग्णालयात जावे लागते. कधी टाक्याभोवती लहानशी गाठ येते, क्वचित पू होतो. धाग्यामुळे होणारी ही जळजळ कलमाखालच्या जागेस चेतविते आणि त्यामुळे वडस पुन्हा येण्यास थोडा हातभार लागतो, असे तज्ज्ञांचे मत आहे.

ग्लू

रुग्णालयात ज्यास ग्लू म्हणतात तो फायब्रिन ग्लू होय. त्याचा बाभळीच्या डिंकाशी किंवा दुकानात मिळणाऱ्या चिकटपट्टीच्या रसायनाशी काही संबंध नाही. कापलेल्या बोटावर रक्त गोठून खपली धरते, तीच क्रिया येथे बाहेरून घडवून आणतात. रक्तद्रवात फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन असते. थ्रॉम्बिन हा दुसरा घटक त्यास भेटला की त्याचे बारीक धागे बनून जाळे तयार होते. हे दोन घटक दोन वेगळ्या पिचकाऱ्यांत ठेवतात. एकाचा थेंब उघड्या जागेवर व दुसऱ्याचा कलमाच्या आतील बाजूवर टाकतात, कलम जागी बसवून सपाट करतात आणि थोड्याच वेळात ते धरते. पापण्या चिकटण्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. हे जाळे शरीर स्वतःच थोड्या दिवसांत विरघळवून टाकते. तोपर्यंत कलम खालच्या ऊतींशी जुळलेले असते.

ही कल्पना डोळ्यासाठी मुळात निघालेली नव्हती. यंग आणि मेडावर यांनी १९४० मध्ये तुटलेल्या मज्जातंतूंची टोके जोडण्यासाठी तिचा उपयोग प्राण्यांवर करून पाहिला आणि १९४४ मध्ये त्वचेची कलमे बसविण्यासाठी फायब्रिनोजेन व थ्रॉम्बिन यांचा उपयोग झाला. वडसाच्या शस्त्रक्रियेत ती १९९३ च्या सुमारास आली. पुढे २००४ मध्ये स्टॉकहोम येथील कोरान्यी व सहकाऱ्यांनी टाके व ग्लू यांची रीतसर तुलना केली. टाक्यांनी केलेल्या शस्त्रक्रियेस सरासरी साडेअठरा मिनिटे लागली, तर ग्लूने केलेल्या शस्त्रक्रियेस दहा मिनिटांहूनही कमी. ग्लू वापरलेल्या रुग्णांच्या वेदनाही स्पष्टपणे कमी होत्या. त्याच गटाने पुढच्या वर्षी अनेक रुग्णांची दीर्घ पाहणी मांडली. तीत वडस पुन्हा येण्याचे प्रमाण ग्लूने शंभरात पाच, तर टाक्यांनी तेरा-चौदा असे आढळले.

एका रुग्णालयाच्या आकड्यांवर विसंबणे योग्य नव्हे. कॉक्रेन या संस्थेने २०१६ मध्ये अशा चौदा चाचण्या एकत्र करून तपासल्या. ग्लू वापरल्यास वडस पुन्हा येण्याचा संभव टाक्यांच्या तुलनेने सुमारे निम्मा होतो आणि शस्त्रक्रिया लवकर उरकते, असा निष्कर्ष निघाला. त्याबरोबरच कलमाची कड उघडणे, कलम सुटणे यांसारखे उपद्रव ग्लूने थोडे अधिक होतात, हेही दिसले. ही दुसरी बाजू पुष्कळदा सांगितली जात नाही.

ग्लूच्या काही अडचणी आपल्या परिस्थितीत जाणवण्यासारख्या आहेत. त्याचा संच धाग्याच्या मानाने कितीतरी महाग पडतो. तो थंड जागी ठेवावा लागतो, वापरण्यापूर्वी तयार करण्यास वेळ लागतो आणि एकदा तयार केलेला संच काही तासांच्या आत संपवावा लागतो. वीज वारंवार जाणाऱ्या गावी हे सोपे नाही. शिवाय तो पुष्कळ दात्यांच्या रक्तद्रवापासून बनवितात. उत्पादक त्यावर विषाणू नष्ट करण्याच्या प्रक्रिया करतात आणि त्यामुळे धोका अत्यल्प उरतो, तथापि तो शून्य झाला असे कोणी म्हणत नाही. काही संचांत गोवंशापासून मिळविलेला घटकही असतो. ज्यांस धर्माच्या वा अन्य कारणाने यासंबंधी काही विचारावयाचे असेल, त्यांनी संकोच न करता आधी विचारावे. संमतिपत्र त्यासाठीच असते.

स्वतःचे रक्त

ग्लू म्हणजे जर गोठणाऱ्या रक्तातील प्रथिन, तर ते रुग्णाच्याच रक्तातून का घेऊ नये? विचार साधा आहे. पण तो विशेष प्रचारात येण्यास वेळ लागला. डी विट व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १५ डोळ्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत टाके नव्हते आणि ग्लूही नव्हता. त्यानंतर भारतातील अनेक नेत्रचिकित्सकांनी ही रीत उचलली, आणि तिचे कारण स्पष्ट आहे. तिच्यासाठी काहीच विकत घ्यावे लागत नाही.

येथे वडस काढल्यावर खालच्या जागेतून पाझरणाऱ्या रक्ताच्या सर्व वाहिन्या जाळून बंद करीत नाहीत. रक्ताचा एक पातळ थर तेथे राहू देतात, त्यावर कलम पसरून कडा आजूबाजूच्या त्वचेशी नेमक्या भिडवितात आणि पाच-दहा मिनिटे हलक्या हाताने दाबून धरतात. रक्त गोठून कलमास धरते. रक्त कमी पडले तर कलम चिकटत नाही, आणि जास्त झाले तर त्याखाली साचून ते उचलले जाते. म्हणून या रीतीत वस्तू स्वस्त असली तरी हात मुरलेला लागतो. कलम बसल्यानंतर डोळा झाकून साधारणतः २४ तास पट्टी ठेवतात.

पुढील तुलनांतून असे दिसून आले आहे की, कलम नीट राहिले तर वडस पुन्हा येण्याच्या बाबतीत ही रीत ग्लूच्या जवळपास उतरते, टोचण्याचा त्रास टाक्यांपेक्षा कमी असतो आणि बाहेरचा कोणताही पदार्थ डोळ्यात जात नसल्याने संसर्गाची ती शंकाही राहत नाही. उणेपणा एकच, पण महत्त्वाचा. कलम सरकण्याचे व कड आकसण्याचे प्रमाण ग्लूपेक्षा अधिक आहे. हे बहुधा पहिल्या एकदोन दिवसांतच घडते. सरकलेले कलम वेळीच लक्षात आले तर ते पुन्हा जागी बसविता येते किंवा दोन टाके घालता येतात. तीन दिवसांनी आले तर फारसे काही करता येत नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या हृदयविकाराच्या रुग्णांनी तसे डॉक्टरांस आधीच सांगावे. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत.

कोणती रीत निवडावी

तीन रीतींची तुलना करताना एक गोष्ट नजरेआड होते. ऑस्ट्रेलियातील हर्स्ट यांनी २०१२ मध्ये एक हजार शस्त्रक्रियांचा वृत्तांत दिला. त्यांत वडस पुन्हा येण्याचे प्रमाण हजारात एक इतके अल्प होते. ही आजवरच्या सर्वोत्तम नोंदींपैकी एक होय, आणि त्यांच्या पद्धतीत कलम टाक्यांनीच बसविलेले होते. वडसाखालचे तंतुमय जाळे त्यांनी दूरवर काढले आणि कलमही मोठे घेतले. यावरून असे म्हणावयास हरकत नाही की, वडस परत येणे न येणे हे मुख्यतः तो किती स्वच्छ निघाला आणि कलम कसे घेतले यावर ठरते. जोड कशाने दिला याचा वाटा त्यानंतरचा आहे. जोडाच्या रीतीवर खर्च, वेळ आणि पहिल्या पंधरवड्यातील सुख-दुःख अधिक अवलंबून असते.

यास्तव ‘ग्लू परवडत नाही, म्हणून आपली शस्त्रक्रिया दुय्यम प्रतीची होणार’ अशी समजूत कोणी करून घेऊ नये. त्याउलट, केवळ ग्लू आहे म्हणून कलमाशिवायची किंवा घाईची शस्त्रक्रिया चांगली ठरत नाही. रुग्णाने विचारावयाचे पहिले प्रश्न दोन आहेत : कलम बसविणार ना, आणि ते कोठून घेणार? काचबिंदू असणाऱ्यांस दुसरा प्रश्न विशेष लागू आहे. त्यांच्या डोळ्याच्या वरच्या भागातील त्वचा पुढे काचबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी लागू शकते, म्हणून कलम खालून घेण्याचा विचार करतात. त्यानंतर जोड कशाने देणार हे विचारावे. एकटा राहणारा वृद्ध, डोळा चोळण्याची सवय असलेला तरुण किंवा दुसऱ्या दिवशी तपासणीस येऊ न शकणारा दूरच्या गावचा माणूस यांच्यासाठी टाक्यांचा ठामपणा उपयोगी पडतो. ज्यास लवकर कामावर परतावयाचे आहे आणि जवळच राहत असल्याने पहिले दोन-तीन दिवस तपासणीस येता येते, त्यास ग्लू किंवा स्वतःचे रक्त सोयीचे ठरते. हे शेवटी शल्यचिकित्सकानेच ठरवावे, कारण ज्या रीतीत त्याचा हात बसलेला असतो तीच त्याच्या हातून उत्तम होते.

खजरान्यातील रुग्णास जवळचे मोठे शासकीय ठिकाण म्हणजे १९४८ मध्ये सुरू झालेले महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आणि त्यास जोडलेले महाराजा यशवंतराव रुग्णालय. महाराष्ट्रातील रुग्णांनी जिल्हा रुग्णालयाच्या किंवा जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्र विभागात चौकशी करावी. आयुष्मान कार्ड किंवा राज्याच्या आरोग्य योजनेचे पत्र असेल तर शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वीच ते दाखवावे आणि ग्लूचा संच त्यात धरला आहे की बाहेरून आणावा लागेल, हे स्पष्ट विचारून घ्यावे.

मोतीबिंदूच्या शिबिरांसंबंधी येथे थोडे सांगावयास हवे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाल्यापासून या शिबिरांचा लाभ असंख्य वृद्धांनी घेतला आहे. परंतु कित्येकदा शिबिरास गेलेल्या माणसास ‘आधी वडस काढा, मग मोतीबिंदू पाहू’ असे सांगून परत पाठविले जाते आणि घरची मंडळी ही टाळाटाळ समजतात. ती टाळाटाळ नसते. वडस स्वच्छमंडलास ओढून त्याचा आकार बदलतो आणि बसवावयाच्या भिंगाची शक्ती त्याच आकाराच्या मापावरून काढतात. मोठा वडस असताना घेतलेले माप चुकते व भिंगही चुकीचे बसते. म्हणून आधी वडस काढून, स्वच्छमंडल स्थिरावेपर्यंत काही आठवडे ते महिने थांबून, मग मोतीबिंदू काढतात.

शस्त्रक्रियेनंतर

शस्त्रक्रिया डोळ्याभोवती भूल देऊन होते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. दुसऱ्या दिवशी पट्टी उघडून कलम जागेवर आहे की नाही हे पाहतात. ही भेट चुकवू नये, विशेषतः ग्लू किंवा रक्ताने जोड दिला असेल तेव्हा. डोळा काही दिवस लालभडक दिसतो. कलमाखाली रक्ताचा डाग असतो. ज्या जागेवरून त्वचा घेतली तेथेही टोचते. ही जागा आपोआप भरून येते. पहिले दोन आठवडे डोळा चोळू नये, त्यात नळाचे किंवा विहिरीचे पाणी जाऊ देऊ नये, चुलीच्या धुरापासून व धुळीपासून दूर राहावे. गवंड्याने, वेल्डिंग करणाऱ्याने आणि मळणीवर जाणाऱ्याने डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कामावर परतू नये.

दाह उतरविण्यासाठी स्टेरॉइडचे थेंब काही आठवडे देतात आणि हळूहळू कमी करीत बंद करतात. या थेंबांविषयी ग्रामसेवक, शिक्षक आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनी लोकांस आवर्जून सांगावे असे काही आहे. हे थेंब घालताच डोळा पांढराशुभ्र होतो, त्यामुळे रुग्णास ते गुणकारी वाटतात आणि मुदत संपल्यावरही तो औषधाच्या दुकानातून तीच बाटली आणत राहतो. शेजाऱ्याचा डोळा लाल झाला की त्यालाही तीच देतो. महिनोन्‌महिने असे चालले तर डोळ्यातील दाब वाढून दृष्टीची नस सुकते. ती गेलेली दृष्टी कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. वडस डोळ्याच्या पृष्ठभागावरचा विकार आहे. त्यावरील औषधाने आतली नस गमावणे हा फार महाग सौदा झाला. थेंब चालू असेपर्यंत दाबाची तपासणी करून घ्यावी आणि उरलेली बाटली फेकून द्यावी.

वडस पुन्हा यावयाचा असेल तर तो बहुतेकदा पहिल्या वर्षातच डोके वर काढतो. तरुण रुग्णांत ही शक्यता अधिक असते. म्हणून आठवड्याने, महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने तपासणीस जावे. कलमाच्या कडेवरून लालसर बारीक वाहिन्या बुबुळाकडे सरकताना दिसल्या तर तेव्हाच डॉक्टरांस दाखवावे; त्या अवस्थेत औषधाने वा इंजेक्शनने वाढ रोखता येण्याचा संभव असतो. दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागली तर कलमासाठी निरोगी त्वचा कमी उरलेली असते आणि मग दुसऱ्या डोळ्यातील त्वचा किंवा प्रसूतीच्या वेळी दान मिळालेले गर्भपटल वापरण्याचा प्रसंग येतो.